फाईन, ओके आणि अमुकराव

माझी नात कंपनीतनं आली की मी विचारायची, "कसा गेला गं दिवस?" ती म्हणायची, "फाईन." डबा संपला का, फाईन होता. डोकं दुखतंय का, फाईन हाय मी. आणि लग्न ठरल्यावर तर तिच्या तोंडात दुसरा शब्दच राहिला नाही. साडी कुठल्या रंगाची घ्यायची म्हणून तिच्या आईनं विचारलं, तर तेही फाईन. आता फाईन हा काय रंग आहे का?

मी शब्दकोश काढला. तो माझ्या मुलाचा, शाळेतला. त्यानं शिक्षण सोडून शेती धरली तेव्हा कोश माळ्यावर गेला होता, तिथनं मी तो खाली आणला. माझी शाळा चौथीपुरती. इंग्रजी अक्षरं मी बियाणाच्या पाकिटांवरनं आणि फवारणीच्या बाटल्यांवरनं जुळवत शिकले, आणि मग दुपारी जरा आडवं व्हायच्या ऐवजी कोश उघडायची सवय लागली. फाईनला तिथं तीन अर्थ दिलेले. उत्तम, बारीक, आणि दंड. मी चष्मा काढून बसले. पोरगी ह्यातलं कुठलं सांगते मला?

तशी ही काही नवी गोष्ट नाही. आमच्याकडं इंग्रजी शब्द आले की ते आमच्या पद्धतीनं राहायला लागतात. लाईट म्हणजे कोशात उजेड आणि हलकं; आमच्यात लाईट म्हणजे मोटरीची वीज, ती येते आणि जाते. कुणी फोनवर "आत्याबाई सिरीयस हायेत" म्हटलं की आम्ही अंगावरच्या लुगड्यानिशी निघतो, कारण सिरीयस म्हणजे आता भेट होईल का नाही अशी अवस्था. "फॅमिलीला घेऊन आलोय" म्हणणाऱ्या माणसाच्या मागं एकटी बायको असते. ह्यावर शिकलेली माणसं हसतात, पण कोशात फॅमिलीला कुटुंब असं लिहिलंय, आणि आमची जुनी माणसं बायकोला कुटुंबच म्हणायची. म्हणजे कोश आणि आम्ही तिथं एकाच गाडीत बसलो. आमच्या बारामतीच्या रस्त्यावर तर जंक्शन नावाचं एक गावच आहे. रेल्वे नाही, रूळ नाहीत, पण "कुठलं पाव्हणं?" विचारलं तर माणूस सरळ सांगतो, "जंक्शनचा."

नातीची इंग्रजी वेगळी. ती आणि तिच्या कंपनीतल्या पोरी बोलतात ते कोशात सापडतच नाही, आणि सापडलं तर भलतंच. एकदा ती फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "काय ड्रिप हाय यार तिचा." मी म्हटलं, कुणाचं ड्रिप, कितीची नळी टाकलीये? ती हसून हसून खाटेवर पडली. म्हणे ड्रिप म्हणजे झकास कपडे. मग तिनं मला घोस्ट करणं सांगितलं. म्हणजे भूत होणं नाही, माणसाच्या फोनला उत्तर द्यायचं बंद करणं. रेड फ्लॅग म्हणजे ह्या माणसापासून लांब राहा. मी म्हटलं, ते आम्हाला ठाऊक आहे, उसाच्या ट्रॉलीला मागं लाल फडकं बांधतात ते तेच सांगतं. तिला ते फार आवडलं. लगेच मैत्रिणींना कळवलं.

असं शब्दांचं बोलणं चाललं की पोरगी उजळायची. आणि लग्नाचं नाव काढलं की फाईन.

लग्न कसं ठरलं तेही सांगते. मुलगा लोणी भापकरचा. घरचा ऊस, ढोबळी मिरचीचं शेडनेट, मुलगा शिकलेला, बोलायला मऊ. आमची नात लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला. माल तपासते, नापास करते, मोठमोठे गडी तिच्या सहीची वाट बघतात. एका लोणीत नोकरी आणि दुसऱ्या लोणीत सासर. नकाशावर दोन्ही लोण्या जवळ वाटतील, पण एक हायवेला इंदापूरकडं आणि दुसरी बारामतीच्याही पलीकडं. नोकरी सोडावी लागणार हे उघड होतं. मुलाची आई म्हणाली, "तिकडं बी कायतरी बघू की, ॲडजस्ट हुईल." आमच्याकडं लग्नाच्या बैठकीत ॲडजस्ट हा शब्द सुपारीच्या आधी येतो आणि तो नेहमी मुलीकडच्यांनी उचलायचा असतो.

माझ्या मुलानं मात्र विचारलं होतं पोरीला, त्याला दोष देणार नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी तो गाडी पुसत होता, ती चप्पल घालत होती. तो म्हणाला, "काय करू मग? पुढं जाऊ का?" ती म्हणाली, "ओके." झालं. त्यानं सगळ्यांना सांगितलं, पोरगी ओके म्हणाली. ट्रॅक्टर मागं घेताना पोरं ट्रॉलीवर थाप मारत ओके, ओके म्हणतात ना, तसा त्याला तो ओके वाटला. येऊ द्या मागं. सुपारी फुटली, बस्त्याची तारीख ठरली.

आता उखाण्याकडं येते. आमच्या आळीत कुणाचंही लग्न निघालं की नवरी माझ्याकडं येते, "आजी, इंग्लिशमधला उखाणा द्या." पोरींना हल्ली इंग्रजी शब्द असलेला उखाणा लागतो. मी कोशातनं शब्द काढून जुळवून देते. नातीसाठी मी पुष्कळ दिवस मन लावून एक केला होता:

ह्या लोणीहून त्या लोणीला, मधी लागतं जंक्शन,
अमुकरावांचं नाव घेते, सोडा आता टेन्शन.

अमुकच्या जागी मुलाचं नाव यायचं. ते मी इथं लिहीत नाही, दुसऱ्याच्या घरचं नाव आहे. उखाणा ऐकून सून म्हणाली, "आत्या, ह्याच्यावर मांडव हसणार."

तालीम पेरूच्या बागेत व्हायची. नातीला सुट्टी असली की ती आमच्याबरोबर फोम लावायला यायची. पेरू लिंबाएवढा झाला की त्याला आधी फोमची जाळी चढवायची, मग पिशवी, म्हणजे डाग पडत नाही. हात चालू, तोंड मोकळं. मी म्हणायची, "हं, म्हण." ती पहिली ओळ खणखणीत म्हणायची. दुसऱ्या ओळीला, "अमुकरावांचं नाव घेते." दर वेळी अमुकराव.

तिची आई म्हणायची, "अगं खरं नाव घालून म्हण की. मांडवात अडखळशील."

मी म्हणायची, "ऱ्हाऊ दे गं. ती लाज हाय तिची. नाव असं बागेत सांडायचं नसतं. चार माणसांत एकदा घेतलं की ते घेतलं, मग ते माणूस आपलं." आणि नातीला सांगायची, "तुझ्या आजोबांचं नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलं न्हाय. आमी मालक म्हणायचो."

ती पिशवीला गाठ मारत म्हणायची, "म्हंजे नाव घेतलं की लग्नच लागलं म्हण की."

"व्हय. भटजीचं नंतर. आधी आपलं तोंड."

आळीत मी सांगत सुटले. बाकीच्या पोरी नवऱ्याला अरे-तुरे करतात, ब्रो म्हणतात; ब्रो म्हणजे कोशात भाऊ, मी दोनदा बघून खात्री केली. आमची बघा, तालमीतसुद्धा नाव घेत नाही. बायका म्हणायच्या, वळण हाय. मला अभिमान वाटायचा.

पण बसवेना झालं मला. कशानं ते कळेना. पाण्याची पाळी नसली तरी बांधापर्यंत जाऊन यायची. भाकरी थापता थापता उठून दारात जायची, कंपनीची बस आली का बघायला, आणि बसची वेळ झालेली नसायची. नवऱ्या मुलाचा फोन आला की नात ओट्यावर जाऊन बोलायची. मी दळण निवडत ऐकायची, खोटं कशाला सांगू. तिकडनं तो काहीबाही विचारायचा, हिच्याकडनं "हं. फाईन. बिझी होते. ओके. बाय." एवढंच. हीच पोरगी मैत्रिणीशी बोलताना श्वास घ्यायला थांबत नाही.

मी सुनेला म्हटलं, "पोरगी बोलत न्हाय गं त्याच्याशी."

"आत्या, तुमी तरी सुपारी फुटल्यावर मामांशी बोलला व्हता का?"

हे खरंच होतं. मी सुपात हात फिरवत राहिले.

एकदा सरळ नातीलाच विचारलं. "खुश हायस ना?"

"लाईट घे आजी."

"कुठली लाईट? आज रातपाळी हाय लाईटीची."

ती हसली. "म्हंजे टेन्शन घेऊ नको."

ह्यावर कोश काय कामाचा. मी त्यात सगळे शब्द बघितले होते, आणि एकाही शब्दानं पोरीच्या मनात काय आहे ते सांगितलं नव्हतं.

बस्त्याच्या दिवशी आम्ही जीप करून बारामतीला गेलो. बस्ता म्हणजे लग्नाचे कपडे. दोन्हीकडची माणसं एकाच दुकानात बसून काढतात, आणि एकदा गाठोडं बांधलं की मग लग्न मोडणं म्हणजे भरल्या ताटावरनं उठणं. दुकानात पांढऱ्या गाद्या, पोरं साड्या हवेत उलगडून टाकतायत. "ताई, हा पीस ट्रेंडिंगला हाय. लाईटमधी दाखवू का डार्कमधी?" मुलाकडची मंडळी आधीच आली होती. मुलाची आई मोठ्या आवाजाची, मोकळी बाई. मला बघून स्वतःचा तक्क्या दिला. मुलगा दाराशी चपलांजवळ उभा, हातात सगळ्यांसाठी आणलेलं उसाच्या रसाचं कॅन.

हिरवी साडी पसंत पडली. दुकानातल्या पोरानं ती नातीच्या खांद्यावर टाकून तिला आरशासमोर उभी केली. मुलाची आई म्हणाली, "शोभती. आता असंच नाव घे बघू. साडीला मान."

साड्या टाकणारी पोरंसुद्धा थांबली. नातीनं आरशात बघत म्हटलं, "ह्या लोणीहून त्या लोणीला, मधी लागतं जंक्शन." लोक हसले, मुलाची आई मांडीवर थाप मारून हसली. "आन् पुढं?"

पुढं काही नाही.

"लाजली लाजली. परत म्हण."

तिनं परत पहिली ओळ म्हटली. परत थांबली. मग हळूच, "अमुकरावांचं नाव घेते."

दुकान खदखदलं. "अगं अमुकराव कोण? त्यो दारात उभा हाय, त्याला बोलवू का त्या अमुकरावाला?"

मीही हसले असते. पण मी तिच्या हाताकडं बघत होते. लाजणारी पोरगी पदराशी चाळा करते, खाली बघते, ओठ दाबते. ही तसलं काही करत नव्हती. आरशात बघत बघत ती खांद्यावरच्या साडीची घडी घालत होती. काठाला काठ जुळवून, सुरकुती काढून, नीट, जशी दुकानातनं आली तशी. आपण एखादी वस्तू परत द्यायची असली की तशी घडी घालतो.

मी म्हटलं, "मला गरगरतंय. पोरी, जरा भाईर ने."

सून उठायला लागली. "तू बस," मी म्हटलं, "साड्या बघ."

दुकानाच्या पायरीवर आम्ही दोघी बसलो. समोर गाड्यांची रांग, कुणीतरी हॉर्न वाजवतंय. नातीनं पाण्याची बाटली उघडून दिली. "बरं वाटतंय का?"

"मला काय झालं न्हाय. तुला काय झालंय?"

"फाईन हाय मी, आजी."

"फाईन मी लई ऐकलं. मला मराठीत सांग."

ती बराच वेळ बाटलीचं झाकण लावत आणि काढत राहिली. मग म्हणाली, "मला हे लग्न नको हाय."

"त्यो वाईट हाय का?"

"न्हाय. चांगला हाय. म्हणून तर सांगता येईना. त्याच्यात खोट असती तर सांगितलं असतं."

"दुसरं कोण हाय का मनात?"

"कोण न्हाय. आता कुठं मला लाईनवर माल थांबवायला देतात, आजी. पुढच्या वर्षी माझ्या हाताखाली माणसं देणार हायेत. हे सगळं सोडून शेडनेटमधी ॲडजस्ट व्हायचं. मला एवढ्यात लग्नच नको."

"मग बापाला ओके का म्हणालीस?"

"त्यानं काय विचारलं ते तरी ठाऊक हाय का तुला? पुढं जाऊ का म्हणाला. मी म्हटलं जा. मला वाटलं, अजून लई टप्पे हायेत, कुठंतरी मला नीट विचारतील. कुणी विचारलंच न्हाय. सगळ्यांनी उखाणाच म्हणायला लावला."

मी विचारलं, "आणि नाव का घेत नव्हतीस?"

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तूच म्हणालीस ना, घेतलं की झालं. तेवढंच माझ्या हातात व्हतं. म्हणून न्हाय घेतलं."

मी ज्याला लाज म्हणून गावभर मिरवत होते, त्या लाजेच्या आड पोरगी एकटी दार लावून बसली होती.

आत गेलो. गाठोड्याची चादर अंथरून झाली होती, पोरगा साड्या मोजून वर ठेवत होता. मी मुलाच्या आईजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "विहीणबाई, बस्ता आज बांधू नका."

"का वो? आजचा दिस चांगला न्हाय का?"

"पोरीच्या मनात न्हाय."

ती बाई म्हणाली, "आन् हे आत्ता? सुपारी काय चघळायला फोडली व्हती?"

माझा मुलगा उठून आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आई, तुला गरगरतंय ना, जीपमधी बस जा. तिला मी विचारलं व्हतं. ओके म्हणाली व्हती ती."

"तिला आत्ता विचार. पुरं वाक्य करून."

त्यानं विचारलं नाही. विचारलं ते दारातल्या मुलानं. रसाचं कॅन खाली ठेवून तो चपलांच्या पलीकडनंच म्हणाला, "तुला नको हाय का?"

नात वळली. आणि तिनं त्याचं नाव घेतलं. राव नाही, काही नाही, शाळेतल्या पोराला हाक मारावी तसं नुसतं नाव. म्हणाली, "न्हाय रे. तुझ्यात काय वाईट न्हाय. मला आत्ता लग्न करायचं न्हाय, आणि नोकरी सोडायची न्हाय. आधी बोलायला पायजे व्हतं. सॉरी."

त्यानं मान हलवली. त्याला बहुतेक आधीच कळलं होतं. इतके दिवस हं आणि बिझी ऐकणाऱ्या माणसाला नाही कळणार तर कुणाला. तो म्हणाला, "फोनवर सांगितलं असतंस तर मी सांगितलं असतं घरी." एवढंच.

त्याची आई मात्र उसळली. "नको तर नको म्हण बाई. पण नाव तरी नीट घे, राव लावून. दुकानात माणसं हायेत." आणि पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. तिचं ते रडणं मला अजून आठवतं. तिनं मला तक्क्या दिला होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो झटकला, आणि बरोबर केलं.

घरी आल्यावर माझ्या मुलानं गुरांना वैरण टाकली आणि न जेवता मोटरीकडं गेला. पुढं बरेच दिवस तो लेकीशी कामापुरतं बोलायचा आणि माझ्याशी तेवढंही नाही. आळीत काय चाललं असेल ते सांगायला नको. एक शहाणी येऊन म्हणाली, "काकू, वळण लई चांगलं व्हतं म्हणायचा तुमी." मी म्हटलं, "हाय अजून."

मी नीट केलं का? दहा माणसांत त्या बाईला रडवलं. हेच बोलणं आदल्या दिवशी आमच्याच ओट्यावर झालं असतं तर ती रडली नसती, चिडली असती, बसून चहा तरी प्याली असती. रोज दुपारी ह्या विचाराशी येऊन अडते आणि उठून कुठंतरी जाते. त्या मुलाचं लग्न जमलं असं ऐकलं, जेजुरीकडची मुलगी आहे म्हणतात. ऐकून बरं वाटलं, आणि तरी बसवलं नाही.

नात कामाला जाते. हाताखाली माणसं अजून दिलेली नाहीत, म्हणतात देतील. घरात एक मात्र झालं. सून आता तिला विचारते आणि फाईन म्हटलं की तिथून हलत नाही. "म्हंजे काय गं?" म्हणून उभी राहते. पोरगी चिडते, "आई, फाईन म्हंजे फाईन," पण मग सांगते. कधी कधी इतकं सांगते की भाजी करपते.

गेल्या आठवड्यात आणखी एक स्थळ आलं. इंदापुरातलंच, मुलगा तालुक्याच्या कचेरीत. मध्यस्थ चहा पीत म्हणाला, "मग काय, ओके कळवू का?" माझ्या मुलानं तोंड उघडलं, आणि परत मिटलं. त्यानं आतल्या दाराकडं बघितलं. नात भिंतीला टेकून उभी होती, कंपनीच्या कपड्यांत, पाठीवर सॅक तशीच.

ती म्हणाली, "मला आधी त्याच्याशी बोलायचंय. मग विचार करून सांगते. व्हय म्हणीन न्हायतर न्हाय म्हणीन."

"किती दिस लागतील?" मध्यस्थानं विचारलं.

"लागतील तेवढे."

मध्यस्थ माझ्या मुलाकडं बघायला लागला. मुलगा म्हणाला, "बिस्किट घ्या."

ते दिवस अजून चालू आहेत. ती ओट्यावर त्या कचेरीतल्या मुलाशी फोनवर बोलत असते, काल एकदा मोठ्यानं हसली, आज गप्प होती. माझा मुलगा अंगणात उगाच नळीचे तुकडे गुंडाळत बसतो, मान वळवत नाही, पण कान तिकडंच. सून भाकरी थापताना थांबते. मी दारापर्यंत जाते आणि परत येते. तोंडापर्यंत आलेलं विचारत नाही.